माडीवरची मैफल

संगीताचा इतिहास बहुधा भव्य सभागृहांचा आणि नामवंत गायकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु लोकगीत जन्मते ते अंगणात, शेतात आणि चुलीपाशी. त्याचा माग काढायचा तर लहान जागांकडेच वळावे लागते. अशाच एका जागेची ही हकिकत आहे.

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील साराटोगा स्प्रिंग्ज हे गाव खनिजयुक्त पाण्याचे झरे आणि १८६३ पासूनच्या घोड्यांच्या शर्यती ह्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच गावातील फिला स्ट्रीटवर एका इमारतीच्या माडीवर ‘कॅफे लीना’ हे कॉफीगृह मे १९६० मध्ये सुरू झाले. आजही तेथे येत्या आठवड्यांतील मैफलींची यादी जाहीर होते आणि गिटार वा बॅन्जो घेऊन कोणी ना कोणी गायक त्या छोट्याशा मंचावर उभा राहतो.

तो काळ अमेरिकेतील लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाचा होता. १९५२ मध्ये हॅरी स्मिथ ह्यांनी संकलित केलेल्या चौऱ्याऐंशी जुन्या ध्वनिमुद्रणांचा संच फोकवेज कंपनीने प्रसिद्ध केला आणि डोंगराळ भागातील शेतकऱ्यांची, खेड्यापाड्यांतील कृष्णवर्णीयांची विस्मृतीत गेलेली गाणी शहरी तरुणांच्या कानी पडली. त्यांतील काही गायक तर हयात होते. १९२८ मध्ये ध्वनिमुद्रण करून पुन्हा शेतमजुरीकडे वळलेले मिसिसिपी जॉन हर्ट १९६३ मध्ये आपल्या खेड्यात सापडले आणि वृद्धापकाळी नव्या श्रोत्यांसमोर गाऊ लागले. अशा हळुवार गाण्यांना दारूच्या गुत्त्यातील गोंगाट मानवणारा नव्हता. कॉफीच्या एका पेल्यावर तासन्‌तास बसून ऐकणारे विद्यार्थी आणि कर्ण्याविना पोचणारा आवाज ह्यांचा मेळ कॉफीगृहांतच बसला.

कॅफे लीनाच्या संस्थापक लीना स्पेन्सर ह्यांचा जन्म १९२३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील मिलफर्ड येथे इटालियन स्थलांतरितांच्या कुटुंबात झाला. त्यांचे पती बिल हे शिल्पकार. काही वर्षे कॉफीगृह चालवावे, चार पैसे गाठीशी बांधावेत आणि मग युरोपात जाऊन राहावे, असा उभयतांचा बेत होता. तो सिद्धीस गेला नाही. थोड्याच काळात बिल हे घर आणि कॉफीगृह दोन्ही सोडून निघून गेले. लीना मात्र मागे राहिल्या. जे साधन म्हणून उभारले होते, तेच त्यांचे जीवितकार्य झाले.

१९६१ मध्ये वीस वर्षांचा एक अनोळखी तरुण तेथे गाण्यास आला. श्रोत्यांनी त्याच्याकडे दुर्लक्ष करून गप्पा चालू ठेवल्या, तेव्हा बिल ह्यांनी मंचावर जाऊन त्यांची कानउघाडणी केली, असे सांगतात. तो तरुण म्हणजे बॉब डिलन. २०१६ मध्ये ह्याच गायकाला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या आठवणीचे मोल डिलन ह्यांच्या पुढील कीर्तीत शोधू नये. ज्याला कोणीही ओळखत नाही, त्याच्यासाठीही शांततेची मागणी करणारा यजमान तेथे होता, ही गोष्ट अधिक मोलाची आहे.

पुढे लीना ह्यांनी तीच परंपरा चालविली. बाहेरगावच्या गायकांना त्या जेवू घालीत, आपल्या घरी झोपावयास जागा देत. पैशाचा हिशेब मात्र त्यांना कधी जमला नाही. कॉफीगृह सदैव तंगीत असे आणि अडचणीच्या वेळी गायक मित्र मदतीसाठी विनामूल्य गात. ह्या औदार्यामुळे ती जागा घरासारखी झाली, आणि ह्याच औदार्यामुळे ती अनेकदा बंद पडण्याच्या बेतातही आली. दोन्ही गोष्टी इतिहासकाराने नोंदविल्या पाहिजेत.

१९८९ मध्ये कॉफीगृहाच्या जिन्यावरून पडून लीना गंभीर जखमी झाल्या आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. एका व्यक्तीच्या श्वासावर चालणारी संस्था त्या श्वासाबरोबरच संपते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. येथे तसे घडले नाही. जे इतकी वर्षे केवळ श्रोते होते, त्यांनी एकत्र येऊन कॉफीगृह ना-नफा संस्थेच्या स्वरूपात चालविण्यास घेतले. कामाचा मोठा भार स्वयंसेवकांनी उचलला. पुढे संस्थेने ती इमारतही विकत घेतली. २००२ पासून जोसलिन आरेम ह्यांनी जुनी ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे आणि आठवणी गोळा करण्याचे काम हाती घेतले. त्यातून २०१३ मध्ये सत्तेचाळीस गाण्यांचा तीन तबकड्यांचा संच प्रसिद्ध झाला. २०१६ मध्ये वास्तूचे नूतनीकरण झाले आणि ज्या जागी एका अवघड जिन्यानेच चढावे लागे, तेथे लिफ्टही आली. सभागृह मात्र आजही शंभरेक श्रोत्यांचेच राहिले आहे.

कॅफे लीनाच्या इतिहासात लढाई नाही, राज्यक्रांती नाही. लीना ह्यांनी उणीपुरी तीन दशके दार उघडे ठेवले. ते बंद होऊ न देण्याचे काम मात्र श्रोत्यांनी केले. गाणाऱ्याविना गाणे नाही, हे आपण सारे जाणतो. परंतु ऐकणाऱ्याविनाही ते टिकत नाही, आणि ऐकणाऱ्यांवर खुर्च्या मांडण्याची, दिवे लावण्याची, हिशेब ठेवण्याची जबाबदारी कधी ना कधी येऊन पडतेच. साराटोगा स्प्रिंग्जच्या रहिवाशांनी ती वेळीच ओळखली. म्हणूनच त्या माडीवरच्या मैफलींची यादी आजही पुढच्या तारखांची असते.