बोरघाट: पुण्याची कोकणाकडची वाट

खोपोली आणि खंडाळा यांच्यामध्ये सह्याद्रीचा काळा कडा उभा आहे. त्याच्या खाली तळकोकण, माथ्यावर इंद्रायणीचे मावळ खोरे. हा कडा चढणारी वाट म्हणजे बोरघाट.

घाटवाटांचे महत्त्व किती जुने, हे मावळातील लेणी सांगतात. कोकणच्या बंदरांतून वर येणाऱ्या व्यापाराच्या आधारावर कार्ले, भाजे, बेडसे येथे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर कोरले गेले. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांचे लेख आजही आहेत. त्याच लेण्याच्या दाराशी एकवीरा देवीचे देऊळ असून, चैत्रातल्या यात्रेला समुद्रकाठचे कोळी पालख्या घेऊन वर येतात.

पुण्यावर चालून आलेली इंग्रज फौजही याच घाटाने चढली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांपुढे नमली. नाना फडणवीसांनी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला तलाव व महादेवाचे देऊळ बांधले. पेशवाई बुडाल्यावर, १८३० मध्ये, गव्हर्नर माल्कमच्या काळात घाटात गाडीरस्ता झाला. बैलांच्या पाठीवरचा माल गाड्यांवर आला.

खरी कसोटी रेल्वेची. १८५६ मध्ये ती खोपोलीला पोहोचली, १८५८ मध्ये खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र प्रवासी पालखीने, तट्टावरून किंवा गाडीने चढत. दर ३७ फुटांमागे एक फूट चढ, पंचवीस बोगदे, पावसाळा आणि साथीचे रोग. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येताच आजारी पडून वारला. पत्नी अ‍ॅलिसने काम पुढे नेले. घाट १८६३ मध्ये खुला झाला. हजारो मजुरांनी त्यात जीव गमावला आणि त्यांची नावे मागे राहिली नाहीत, ही या इतिहासातील मोठी उणीव आहे. लोकस्मृतीने एक नाव तेवढे जपले: इंग्रजांना वाट दाखवणारा धनगर शिंग्रोबा. वाट कळल्यावर त्यालाच मारले, अशी दंतकथा आहे. त्याच्या देवळापुढे ट्रकचालक आजही गाडीचा वेग कमी करून नाणे टाकतात.

सुरुवातीला घाटाच्या मध्यावर गाडीची दिशा बदलावी लागे. इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडत. पुढे मार्ग बदलल्यावर ती खटपट संपली, वीज आली आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. रेल्वेचा चढ मात्र तोच राहिला, म्हणून पुण्याकडे येणाऱ्या रेल्वेगाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी जादा इंजिने लावावी लागतात.