कांदा, किल्ली आणि घड्याळ

रस्त्यात एखाद्याला फेफरं आलं की चार माणसं धावतात. एक जण चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरतो, दुसरा कांदा फोडून आणतो, तिसरा आवळलेल्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतो. यात माया असते, याबद्दल शंका नाही. पण मनगटावरच्या घड्याळाकडे सहसा कुणी पाहत नाही. डॉक्टरला आत्ताच बोलवायचं की थोडं थांबायचं, याचं बरंचसं उत्तर त्या घड्याळात असतं. ते सापडायला माणसाला अडीच हजार वर्षं लागली. त्या प्रवासाची ही गोष्ट.

सुरुवात नावांपासून करू. ज्याला जसं दिसलं तसं त्यानं या आजाराला नाव दिलं. ग्रीकांना वाटलं, माणसाला कुणीतरी पकडलं, म्हणून एपिलेप्सी. अरबांना वाटलं, कुणीतरी त्याला उचलून आपटलं, म्हणून सरअ. आपल्याकडच्या वैद्यांना दिसलं की स्मृती निघून गेली, म्हणून अपस्मार. नटराजाच्या पायाखाली जो बुटका पुरुष दिसतो, त्याचंही नाव अपस्मारच. रोमन लोकांनी तर याला सभेचा आजार म्हटलं, कारण भर सभेत कुणाला झटका आला तर तो अपशकुन मानून सभा मोडत असत. नावं अशी वेगवेगळी असली तरी भय सगळीकडे सारखंच होतं.

पकडणारा कुणीतरी आहे असं एकदा ठरलं, की त्याला हाकलणाराही लागतो. मग गंडे आले, धागे आले, ताईत आले, अंगारे आले. या समजुतीला पहिला जोरदार धक्का दिला तो हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या, इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमाराच्या एका ग्रीक ग्रंथानं. हा आजार इतर आजारांपेक्षा अधिक दैवी नाही, त्याचं मूळ मेंदूत आहे, आणि ज्यांना उपाय सापडत नाही ते आपलं अज्ञान देवाच्या नावाखाली झाकतात, असं तो सांगतो. याच ग्रंथात आणखी एक निरीक्षण आहे, ते मला फार मोलाचं वाटतं. झटका येणार हे ज्यांना आधी कळतं, ती मोठी माणसं एकांत गाठतात, तोंड झाकून घेतात. देवाच्या भीतीनं नव्हे, लाजेनं. लहान मुलं मात्र, सवय नसल्यामुळे, असतील तिथे पडतात. पुढे समज आली की आईकडे धाव घेतात.

लाजेची ही गोष्ट हदीसमध्येही भेटते. बुखारींच्या संग्रहात झटके येणाऱ्या एका स्त्रीची हकिगत आहे. ती पैगंबरांकडे येते. झटक्यांत आपलं अंग उघडं पडतं, असं सांगते. दुखणं सोसायची तिची तयारी आहे. तिचं मागणं एवढंच, की अंग उघडं पडू नये. पैगंबर तिच्यासाठी तशी दुआ करतात. आजाराहून लाज जड होती, हे त्या एका मागणीतून कळतं.

वैद्यांनी आणि हकिमांनी मात्र निरीक्षण सोडलं नाही. चरकसंहितेत अपस्माराचे चार प्रकार आहेत. पंधरा दिवसांनी, बारा दिवसांनी, महिन्यानं असा तो परत परत येतो, हीदेखील नोंद आहे. म्हणजे दिवस मोजणं तिथे सुरू झालं होतं. इब्न सीना (९८० ते १०३७) यांनी आपल्या ‘कानून’मध्ये सरअची गणना मेंदूच्या विकारांत केली. त्यांची कारणं आज टिकणार नाहीत. पण ‘कुणी पकडलं’ या प्रश्नाच्या जागी ‘शरीरात काय बिघडलं’ हा प्रश्न त्यांनी आणला.

पुढची पावलं एकोणिसाव्या शतकात पडली. १८५७ साली लंडनमध्ये चार्ल्स लोकॉक यांनी ब्रोमाइडचा गुण सांगितला आणि पहिलं खरंखुरं औषध हाती आलं. १८७३ साली ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी झटक्याची व्याख्या केली: मेंदूच्या करड्या भागातून एकाएकी झालेला अतिरेकी विसर्ग. झटका कुठून सुरू झाला, अंगठ्यापासून की ओठाच्या कोपऱ्यापासून, आणि पुढे कुठे सरकला, याकडे ते बारकाईनं लक्ष देत. त्यातून मेंदूतली जागा कळे. पाहणाऱ्याचे डोळे हेच डॉक्टरचं साधन झालं. मग १९१२ साली हाउप्टमान यांनी फेनोबार्बिटालचा उपयोग दाखवला, १९२९ साली हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख प्रसिद्ध केला, आणि १९३८ साली मेरिट व पुटनम यांनी फेनिटॉइन आणलं. ही दोन्ही औषधं आजही वापरात आहेत.

आता घड्याळाकडे येऊ. न थांबणारे झटके जीव घेतात, हे रुग्णांना आधीपासून ठाऊक होतं. १८२४ साली पॅरिसमध्ये कालमेइ यांनी आपल्या प्रबंधात या अवस्थेसाठी रुग्ण आपसात वापरत असलेलाच शब्द नोंदवला. पण किती वेळ म्हणजे फार वेळ? बरीच वर्षं पुस्तकांत तीस मिनिटं हे माप होतं. नंतर रुग्णालयांत झटक्यांचं चित्रीकरण होऊ लागलं आणि दिसलं की बहुतेक मोठे झटके दोन-तीन मिनिटांत आपले आपण थांबतात. पाच मिनिटं उलटली की मात्र ते आपसूक थांबण्याची शक्यता कमी होते. म्हणून १९९९ साली काही अमेरिकन तज्ज्ञांनी पाच मिनिटांची मर्यादा सुचवली. २०१५ साली आंतरराष्ट्रीय संघटनेनं ती व्याख्येत घेतली: पाच मिनिटांना उपचार सुरू व्हावेत, तीस मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका.

म्हणून पहिलं काम, वेळ पाहणं. मग माणसाला कुशीवर वळवावं, डोक्याखाली मऊ काही द्यावं, गळ्याजवळचं सैल करावं. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. आजार आधीपासून माहीत आहे, झटका नेहमीसारखाच आला, दोन-तीन मिनिटांत थांबला आणि माणूस शुद्धीवर येतो आहे, तर घाबरून पळापळ नको. पूर्ण सावध होईपर्यंत शेजारी बसावं. पण पाच मिनिटं उलटली, मध्ये शुद्ध न येता दुसरा झटका आला, श्वास नीट चालेना, डोक्याला मार लागला, झटका पाण्यात आला, बाई गरोदर आहे, रुग्णाला मधुमेह आहे, किंवा आयुष्यातला हा पहिलाच झटका आहे, तर वाट पाहू नये. महाराष्ट्रात २०१४ पासून त्यासाठी १०८ क्रमांक आहे. मुलाला तापात झटका आला, तर तो थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावं.

काही लक्षणं धावपळीची नसतात, पण सांगायची असतात. वर्गात मूल काही क्षण शून्यात बघत राहतं आणि लक्ष नाही म्हणून बोलणी खातं. सकाळी उठल्यावर हाताला हिसका बसून कप पडतो. गोळ्या चालू असून झटके वाढतात. अशा वेळी डॉक्टरला गाठावं. गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नयेत. एकाएकी बंद केल्या तर न थांबणारा झटका येऊ शकतो.

पाच मिनिटांपेक्षा मोठा उशीर वर्षांचा असतो, आणि तो लाजेनं होतो. मुलीचं लग्न मोडेल म्हणून घरं गप्प बसतात. कायद्यानंही या भीतीला हातभार लावला होता. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती होऊन वारंवार येणारं फेफरं हा लग्नातला अडथळा ठरवला गेला. तो शब्द १९९९ साली दोन्ही कायद्यांतून काढला. म्हणजे तज्ज्ञांनी पाच मिनिटं सुचवली त्याच वर्षी आपल्या संसदेनं हा डाग पुसला. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा आजार आहे, आणि योग्य औषधोपचार मिळाले तर त्यातल्या सत्तर टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. पण औषधं देणार कुणाला? जो येतो त्यालाच.

म्हणून घरात असा रुग्ण असेल तर एक साधी वही करावी. तारीख, वेळ, किती मिनिटं, झटका अंगाच्या कुठल्या भागापासून सुरू झाला, गोळी चुकली होती का, एवढंच त्यात लिहावं. आणि डॉक्टरकडे जाताना ती वही पिशवीच्या तळाशी न दडवता हातात घेऊन जावं.