शिऊरच्या बहिणाबाई आणि क्षमेचा अर्थ



वर्गात शिकवताना कधी कधी एखादा विद्यार्थी असा प्रश्न विचारतो, की घंटा होते, वर्ग सुटतो, पण प्रश्न मात्र आपल्याबरोबर घरी येतो. काही वर्षांपूर्वी मी सतराव्या शतकातल्या महाराष्ट्राचा इतिहास शिकवीत होतो. लढाया, किल्ले, सुभेदार हे सगळे झाले. पण त्या काळचे साधे घर कसे होते, हे सांगायला मी संत बहिणाबाईंच्या आत्मचरित्रपर अभंगांचा आधार घेतला. नवऱ्याने त्यांना मारले, आणि पुढे तोच नवरा आजारी पडला तेव्हा त्यांनी त्याची रात्रंदिवस सेवा केली, एवढे सांगून मी म्हणालो, "केवढी ही क्षमा!" तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. रोज खेड्यातून एस. टी.ने येणारी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी. ती म्हणाली, "सर, ही क्षमा का नाइलाज? ती बिचारी जाणार कुठे होती?"

मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. पुढे मी ते अभंग पुन्हा वाचले, एकदा नव्हे, अनेकदा. त्यातून मला जे समजले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम एक खुलासा. बहिणाबाई म्हटले की आपल्याला खानदेशच्या बहिणाबाई चौधरी आठवतात. त्यांचा काळ १८८० ते १९५१. मी ज्यांच्याविषयी बोलतो आहे त्या बहिणाबाई त्यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या. तुकाराम महाराजांच्या शिष्या. त्यांचा जन्म इसवी सन १६२८-२९ च्या सुमाराचा. गाव देवगाव, वेरूळच्या परिसरातले. वडील आऊजी कुलकर्णी, आईचे नाव जानकी. १७०० साली त्यांनी वैजापूर तालुक्यातल्या शिऊर या गावी देह ठेवला. तेथे त्यांची समाधी आहे.

जन्माचा काळ नीट ध्यानात घ्या. १६३० च्या आसपास दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. याच दुष्काळात देहूच्या तुकोबांचे दुकान बुडाले आणि त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली. इकडे १६३३ साली दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हाती पडला आणि १६३६ साली निजामशाहीच बुडाली. वरून फौजांची ये-जा, खाली पोटाला अन्न नाही. अशा धामधुमीत देवगावच्या कुलकर्ण्यांच्या घरात ही मुलगी वाढत होती.

त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तिचे लग्न अगदी लहानपणी झाले. बाहुल्यांशी खेळायचे ते वय. नवरा गंगाधरपंत पाठक हा तिशीतला बिजवर, वेदपठण केलेला, भिक्षुकीवर पोट भरणारा. लग्नानंतर थोड्याच वर्षांत माहेरी संकट आले. भाऊबंदांत वृत्तीवरून तंटा पेटला, कर्जाचा जाच झाला, आणि एका रात्री आईबाप, मुले, जावई असे सगळे कुटुंब गाव सोडून निघाले. खेड्यातल्या माणसाला हे दृश्य वेगळे सांगायला नको. भाऊबंदकीने उठलेली घरे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहेत.

गोदावरीचा काठ, पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर अशी मजल दरमजल करीत हे कुटुंब कोल्हापूरला पोचले. वाटेत मिळेल ते कोरडे अन्न मागून आणायचे आणि दिवस ढकलायचा. पण या भटकंतीतच त्या मुलीच्या कानावर कथा-कीर्तने पडली. घर गेले, गाव गेले, आणि रस्त्यावर तिला शाळा भेटली म्हणा ना!

कोल्हापुरात एका विद्वान ब्राह्मणाच्या घरी त्यांना आसरा मिळाला. बहिणाबाईच्या नवऱ्याला एक कपिला गाय दान मिळाली. तिला वासरू झाले आणि त्या वासराला या अकरा-बारा वर्षांच्या मुलीचा भलताच लळा लागला. ती पाण्याला निघाली की वासरू मागे, ती कीर्तनाला निघाली की वासरू मागे. एके दिवशी जयरामस्वामींचे कीर्तन होते. गर्दी फार, म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढले. ते बाहेर हंबरू लागले, आत ही रडू लागली. जयरामस्वामींच्या हे कानावर गेले. त्यांनी वासराला आत आणवले आणि दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला.

गावात ही गोष्ट पसरायला किती वेळ लागणार? कोणीतरी ती नवऱ्याच्या कानावर घातली. तो संतापला. त्याने त्या मुलीला केस धरून मारले आणि बांधून ठेवले. गाय आणि वासरू यांनी वैरण सोडली, पाणी सोडले. काही दिवसांत वासरू गेले. मुलगी शुद्ध हरपून पडली. त्या अवस्थेत तिला तुकोबांचे दर्शन झाले आणि त्यांनी आपल्याला मंत्र दिला, असे ती सांगते. तुकोबा तेव्हा देहूला हयात होते; तिने त्यांना कधी पाहिले नव्हते, अभंग मात्र ऐकले होते. इतिहासाचा अभ्यासक स्वप्नाची साक्ष काढू शकत नाही. पण त्या स्वप्नानंतर ती मुलगी बदलली, एवढे मात्र तिच्या पुढच्या आयुष्यावरून खात्रीने म्हणता येते.

आता मी वाचताना थबकलो ती जागा सांगतो. या ठिकाणी बहिणाबाई नवऱ्याला बोलू देतात. त्याचे म्हणणे काय होते, ते त्यांनी सविस्तर दिले आहे. मी वेद शिकलेला ब्राह्मण, आणि माझ्या बायकोने शूद्राला गुरू करावे? लोक तिच्या दर्शनाला येतात, तिला नमस्कार करतात. उद्या मला कोण विचारणार? त्यापेक्षा मी घर सोडून तीर्थयात्रेला जातो! हा त्याचा सगळा त्रागा. मारणाऱ्या माणसाच्या मनात कसली भीती होती, हे मार खाणाऱ्या बाईने मांडून ठेवले आहे. त्याची चेष्टा नाही, त्याच्यावर पांघरूणही नाही.

आणि आपली स्वतःची डळमळ तरी त्यांनी कुठे लपवली? नवरा सोडून निघाला तर आपले काय, हा धसका त्यांनी सांगितला. बाईचा देह दुसऱ्याच्या ताब्यात, मग तिने परमार्थ करायचा कसा, असा रोकडा प्रश्न त्यांनी देवाला विचारला. नवऱ्याची सेवा हाच आपला धर्म, असे मनाला बजावलेही. त्या वेळी त्या गर्भार होत्या. माझ्या विद्यार्थिनीचे म्हणणे इथे खरे ठरते. हा काळ नाइलाजाचाच होता. त्याला क्षमेचे नाव देऊन मी घाई केली होती.

मग नवऱ्याला मोठे आजारपण आले. बहिणाबाई उशाशी बसून राहिल्या. त्या दुखण्यात नवऱ्याचे मन उलटले. आपण तुकोबांची निंदा केली, त्याचे हे फळ, असे त्याला वाटू लागले. बरा झाल्यावर तो बायकोला, सासूसासऱ्यांना आणि त्या गाईला घेऊन देहूला निघाला. ज्या नावापायी त्याने बायकोला मारले होते, त्याच नावाच्या गावाला तो स्वतःच्या पायांनी गेला.

देहूला सगळे गोड होते असे समजू नका. तेथे मंबाजी गोसावी होता. आपल्यालाच गुरू करावे, ही त्याची इच्छा. ते जमले नाही तेव्हा त्याने या कुटुंबाला छळले. तुकोबांविरुद्ध पुण्याला तक्रारीचे पत्र धाडले. एवढ्याने भागेना, म्हणून त्याने त्या मुक्या गाईला बेदम मारले. ही बहिणाबाईंची साक्ष आहे, आणि ती समकालीन आहे, म्हणून इतिहासात तिचे मोल मोठे. मंबाजीने तुकोबांना काटेरी छडीने मारले आणि तो कीर्तनाला आला नाही म्हणून तुकोबा त्याला बोलवायला गेले, ही आपल्या सगळ्यांच्या ओळखीची कथा महिपतींनी सांगितलेली आहे. त्यांचा 'भक्तविजय' १७६२ सालचा, म्हणजे तुकोबांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेला. दोन साक्षींतला हा फरक शिक्षकबंधूंनी मुलांना जरूर सांगावा. पण मंबाजीचे वैर खरे होते, याला बहिणाबाईंचा दुजोरा आहे. आणि अशा वैऱ्याच्या शेजारी तुकोबा कसे राहतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. क्षमा का नाइलाज?

माझे उत्तर असे. ज्या दिवशी मार बसला त्या दिवशी बहिणाबाईंच्या हातात काहीच नव्हते. ज्याच्यापुढे दुसरी वाट नाही, त्याच्या सोसण्याला क्षमा म्हणणे म्हणजे त्याची थट्टा आहे. पण पुढे एक दिवस असा आला, की त्यांच्या हातात सगळे होते. त्यांनी मागे वळून आपले आयुष्य अभंगांतून सांगितले, त्या वेळचे मी बोलतो आहे. तेव्हा त्यांच्यापुढे दोन सोप्या वाटा होत्या. एक, झाकून टाकण्याची: घरातली गोष्ट घरात, नवऱ्याचे नाव कशाला घालवा? दुसरी, सूड घेण्याची: त्याला असा रंगवायचा, की वाचणाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या शिव्या द्याव्यात. त्यांनी दोन्ही टाकल्या. मारले ते मारले म्हणून सांगितले. त्याची बाजू होती तीही सांगितली. तो बदलला तेही सांगितले. मला वाटते, त्यांची क्षमा इथे आहे. ती कोल्हापूरच्या त्या ओसरीवर घडली नाही. ती लिहिताना घडली.

आणि या क्षमेला त्यांच्या आत्मिक वाढीचा आधार होता. मार खाऊनही त्यांनी तुकोबांचे नाव सोडले नाही. पुढे त्यांनी 'वज्रसूची'च्या आधाराने ब्राह्मण खरा कोणाला म्हणावे, यावर अभंग रचले. जन्माने कोणी ब्राह्मण ठरत नाही, असा त्या ग्रंथाचा रोख आहे. नवऱ्याचा राग मुळात जातीच्या अभिमानातून आला होता. त्या अभिमानाला त्यांनी असे उत्तर दिले. माणसाला क्षमा केली, त्याच्या चुकीच्या समजुतीला नाही.

एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. बहिणाबाईंचे नाव सांगून कोणी आपल्या सुनेला, लेकीला "सोस बाई, त्यांनीही सोसले" असे म्हणू नये. बहिणाबाईंना जे दार नव्हते, ते आज आहे. घरातल्या छळापासून स्त्रीला संरक्षण देणारा कायदा २००५ साली आपल्या देशात झाला. त्या दाराची कडी काढणे आणि मनात वैर न ठेवणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला जमू शकतात. मार थांबवायचा असतो. क्षमेचा विचार त्यानंतरचा, आणि तो ज्याने सोसले त्याने करायचा, बघ्यांनी नव्हे.

मंडळी, आपल्या गावांत बांधावरून, वाटणीवरून वर्षानुवर्षे न बोलणारे भाऊ आहेत. तंटामुक्तीच्या सभेत वडीलधारी मंडळी म्हणतात, झाले गेले विसरून जा. पण माणूस विसरत नाही. मग तो मनातल्या मनात धुमसत राहतो. बहिणाबाई निराळे शिकवतात. विसरू नका, नीट आठवा. काय झाले ते खरेखरे सांगा, आणि सांगताना समोरच्याला कशाची भीती होती, तेही एकदा त्याच्या जागी उभे राहून बोलून पाहा. एवढे साधले की राग उरला तरी त्याचे विष उतरते.

ती विद्यार्थिनी पुढे पदवीधर झाली, आता एका खेड्यातल्या शाळेत शिकवते. मध्यंतरी भेटली तेव्हा मी तिला हे उत्तर सांगितले. ती हसून म्हणाली, "सर, मग परीक्षेत तुम्ही मला मार्क द्यायला हवे होते!" मी म्हटले, "खरे आहे बाई, ते माझ्याकडे बाकी राहिले."