मिरचीला ‘वर्षभराची’ कोणी ठरवलं?

पुण्यात राहणाऱ्याला हा प्रश्न विचित्र वाटेल, तरी विचारते: कुंडीतली मिरची हिवाळ्यात जगवायची कशी? आपल्याकडे परसात लावलेली लवंगी मिरची दोन-तीन वर्षं आरामात टिकते आणि तिचं कोणी कौतुकही करत नाही. मी मात्र सध्या स्कॉटलंडमध्ये आहे. इथे डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा असतो. बाजारातल्या मिरचीच्या बिया पेरून मी खिडकीत एक रोप वाढवलं होतं. डिसेंबरात त्याची पानं गळायला लागली. मला वाटलं तहानलंय, म्हणून रोज पाणी घातलं. जानेवारीत उपटून बघितलं तर मुळं काळी पडून कुजलेली. गंमत म्हणजे माझ्या पीएचडीचा विषयच थंडीचा वनस्पतींच्या पेशींवर होणारा परिणाम हा आहे! लॅबमधल्या मित्राने समजूत काढली, "अगं, ती वर्षायूच असते. नावातच आहे."

नावात आहे, हे खरं. काप्सिकम आन्युअम. ‘आन्युअम’ म्हणजे एका वर्षाची. पण मिरची एका वर्षाची नाहीच. तिच्या रानटी बहिणी मेक्सिकोत आजही झुडपं म्हणून वर्षानुवर्षं जगतात. मग हे नाव आलं कुठून? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

कोलंबसाच्या रोजनिशीत 15 जानेवारी 1493 च्या नोंदीत ‘अही’चा उल्लेख आहे, म्हणजे कॅरिबियन बेटांवरची मिरची. तो निघाला होता मिरी शोधायला, त्यामुळे हीसुद्धा एक प्रकारची मिरीच, अशी त्याने समजूत करून घेतली. (आपणही फार वेगळं केलेलं नाही. मिरीवरूनच आपण ‘मिरची’ म्हणतो.) पुढे 1542 मध्ये लेओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याने वनस्पतींचा मोठा सचित्र ग्रंथ काढला. त्यात मिरचीचं चित्र आहे आणि तिला नाव दिलंय ‘कालिकतची मिरी’. अमेरिकेतून निघालेलं झाड पन्नास वर्षांत कागदावर भारतीय होऊन बसलं.

नाव काहीही असो, झाड जगवायचं तर थंडीशी गाठ होतीच. लंडनच्या जॉन जेरार्डने 1597 च्या आपल्या वनस्पतिग्रंथात मिरची कशी वाढवावी ते सांगितलंय. बी घोड्याच्या गरम लिदीच्या वाफ्यात पेरावं. तीन-चार पानं आली की रोप कुंडीत लावावं, म्हणजे ऊन असेल तिकडे उचलून नेता येईल. शरद ऋतूत रात्री गार व्हायला लागल्या की कुंडी घरात घ्यावी. लिदीची ऊब ही सूक्ष्मजीवांची करामत. लीद कुजताना उष्णता निघते, तो झाला सोळाव्या शतकातला हीटर. एक बारकावा मात्र बघा. जेरार्डला फळ पिकेपर्यंत झाड टिकवायचं आहे. पुढच्या वर्षीसाठी जगवण्याची गोष्ट तो इथे करत नाही.

सतराव्या शतकात श्रीमंतांच्या बागांमध्ये ‘ऑरेंजरी’ आल्या, म्हणजे संत्री-लिंबांची झाडं हिवाळ्यात ठेवायच्या इमारती. दक्षिणेकडे उंच खिडक्या, वर साधं छप्पर. लिंबूवर्गीय झाडांना गोठण्यापासून वाचवलं की पुरतं. मिरचीला तेवढं पुरत नाही. साधारण 10-12 अंशांच्या खाली, पाणी गोठायच्या कितीतरी आधी, तिच्या पेशींची पटलं नीट काम करेनाशी होतात. तूप थंडीत थिजतं, तसंच काहीसं पटलातल्या मेदांचं होतं. झाड बाहेरून हिरवं दिसतं, पण आतला कारभार अडकायला लागतो.

मग शेगड्या आल्या. 1685 मध्ये जॉन एव्हलिन लंडनच्या चेल्सी इथली औषधी वनस्पतींची बाग बघायला गेला. तिथे झाडांच्या खोलीखाली विटांच्या पोकळीतून ऊब खेळवलेली होती. कडाक्याच्या थंडीतही दारं-खिडक्या उघडी ठेवता येतात, याचं त्याला मोठं अप्रूप वाटलं. उबेचा प्रश्न असा बराचसा सुटला, पण उजेडाचा राहिलाच. काच महाग होती. ब्रिटनमध्ये तर अठराव्या शतकाच्या मध्यापासून काचेवर वजनानुसार कर होता, तो 1845 मध्ये उठला. त्यानंतर काचघरं सरदारांच्या बागांपलीकडे पोचू शकली.

याच मधल्या काळात, 1753 मध्ये, लिनियसने मिरचीला आजचं शास्त्रीय नाव दिलं. मऊ खोडाची ती ‘आन्युअम’ आणि झुडपासारखी ती ‘फ्रुटेसेन्स’. युरोपातल्या उघड्या वाफ्यात मिरची वसंतात पेरायची, शरदात तोडायची आणि पहिल्या हिमाला ती मरायची. या अनुभवाशी ‘आन्युअम’ अगदी जुळतं. म्हणजे झाडाच्या आयुष्याचं म्हणून जे नाव आपण वापरतो, त्यात निम्मा भाग तिथल्या हिवाळ्याचा आहे. आणि पावणेतीनशे वर्षांनंतर त्याच नावाच्या भरवशावर मी एक कुंडी रिकामी करून टाकली.

आता माझ्या चुकीकडे परत येऊ. आपल्या फ्लॅटची अवस्था साधारण चेल्सीच्या त्या खोलीसारखीच असते. ऊब आहे, उजेड नाही. उजेड कमी म्हणजे प्रकाशसंश्लेषण कमी, वाढ कमी, पाण्याची गरजही कमी. काही पानं गाळणं ही झाडाची काटकसर होती. मी तिला तहान समजले. ओल्या, गार मातीत मुळांना हवा मिळाली नाही आणि बुरशीचं फावलं.

दुसऱ्या वर्षी मी वेगळं केलं. ऑक्टोबरात, रात्री 12 अंशांच्या खाली जायच्या आत, कुंडी घरात घेतली. फळं काढून फांद्या निम्म्याहून जास्त छाटल्या, कारण कमी उजेडात मोठा संसार पोसणं झाडाला परवडत नाही. सगळ्यात उजेडाची खिडकी दिली, पण रेडिएटरपासून लांब. गरम, कोरड्या हवेत लाल कोळी झपाट्याने वाढतो. मातीत बोट खुपसून बघायचं, वरचा थर कोरडा लागला तरच पाणी. खत बंद. आठवड्यातून एकदा पानांची खालची बाजू बघायची, कारण घरात मावा खायला लेडीबर्ड किडे नसतात. दिसला की ओल्या फडक्याने पुसून काढायचा.

फेब्रुवारीपर्यंत कुंडीत नुसत्या काटक्या होत्या. मित्र म्हणाला, "मेलं ते." मी नखाने खोडाची साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं. मार्चअखेरीस कोंब फुटले आणि यंदाची पहिली मिरची पेरलेल्या रोपांच्या कितीतरी आधी हाताशी आली.

तेव्हा तुमच्याकडेही असं काटक्या झालेलं झाड असेल, तर फेकण्याआधी एकदा साल खरवडून बघा.