रेषा बरोबर, बाजू चुकीची

युद्धात ‘पडला’ आणि ‘बेपत्ता’ हे दोन शब्द सारखे वाटतात, पण घरच्यांना विचारा. पडला म्हटलं की सुतक तरी धरता येतं. बेपत्ता म्हटलं की काहीच करता येत नाही. पानिपतानंतर पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही, आणि सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहू शकला, तो याच शब्दाच्या आधाराने. दुसऱ्या महायुद्धात अशा हजारो घरांत हा शब्द पोचला. त्यातल्या नऊ घरांची गोष्ट आज आपण पाहू.

४ एप्रिल १९४३. लिबियात बेनगाझीजवळ सोलुक नावाचा तळ. तिथून अमेरिकेची २५ बी-२४ लिबरेटर विमानं इटलीतल्या नेपल्स बंदरावर बॉम्बफेकीसाठी निघाली. त्यातलं एक ‘लेडी बी गुड’. विल्यम हॅटन वैमानिक, आणि बरोबर आठ जण. या नऊ जणांची ही पहिलीच मोहीम. उड्डाणाच्या वेळीच वाळूचं वादळ होतं. पुढे विमान एकटं परत फिरलं. मध्यरात्रीनंतर हॅटनने बिनतारी यंत्रावरून दिशा विचारली, तळाने सांगितली. पण विमान आलं नाही. नंतर समुद्रावर शोध झाला, काही मिळालं नाही. भूमध्य समुद्रात बुडालं असणार, असं सगळ्यांनी मानलं.

१९५८ मध्ये तेल शोधणाऱ्या ब्रिटिश पथकाला वाळवंटात वरून एक विमान दिसलं. तळापासून सुमारे ७०० किलोमीटर आत! १९५९ मध्ये माणसं तिथे पोचली. विमान मधून मोडलेलं, पण बंदुका चालू स्थितीत, बिनतारी यंत्र चालू, आत पाणी आणि अन्नही शिल्लक. फक्त माणसं आणि पॅराशूट नाहीत.

मग झालं काय? अभ्यासकांचा उलगडा असा. तळावरच्या दिशादर्शक यंत्राला येणाऱ्या संदेशाची रेषा कळायची, पण तो समोरून येतोय की पाठीमागून, हे कळत नसे. कोन आला ३३० अंश, म्हणजे वायव्य, समुद्राची बाजू. त्याच रेषेचं दुसरं टोक १५० अंश, म्हणजे आग्नेय, वाळवंटाची बाजू. विमान अंधारात तळ ओलांडून पुढे गेलं होतं. तळाला वाटलं, ते अजून समुद्रावर आहे. वैमानिकांनाही तसंच वाटलं. ते सुमारे दोन तास आणखी आत गेले आणि इंधन संपत आल्यावर उड्या टाकल्या. रिकामं विमान आणखी सुमारे २६ किलोमीटर जाऊन स्वतःच वाळूवर उतरलं.

आता बघा, शोधणारे आणि हरवलेले, दोघांचीही चूक एकच. दोघांनीही समुद्रच गृहीत धरला. आम्ही तत्त्वज्ञानवाले वर्गात सांगतो की तर्क बिनचूक असूनही गृहीतक चुकलं तर निष्कर्ष चुकू शकतो. वर्गात त्याची किंमत दोन गुण. इथे किंमत काय होती, तेही पुढे कळलं.

फेब्रुवारी १९६० मध्ये पाच जणांचे अवशेष सापडले, उडी मारल्या जागेपासून सुमारे १३० किलोमीटरवर. सहवैमानिक रॉबर्ट टोनरची डायरीही मिळाली. तिच्यावरून कळतं की आठ जण जमिनीवर एकत्र आले आणि वायव्येला, किनारा जवळ आहे असं समजून, चालू लागले. जवळ पाणी अर्धी बाटली. मागून येणाऱ्यांसाठी ते वाटेत पॅराशूटचे तुकडे दगडांखाली दाबून खुणा ठेवत गेले. पाच जण थकून थांबले, तिघे मदत आणायला पुढे गेले. डायरीतली शेवटची नोंद १२ एप्रिलची. मे महिन्यात त्या तिघांपैकी दोघे आणखी उत्तरेला सापडले. ऑगस्टमध्ये आठवा सापडला. त्याचं पॅराशूट नीट उघडलंच नव्हतं, म्हणून तो इतरांना भेटलाच नाही.

विमानाकडे गेले असते तर पाणी होतं, बिनतारी यंत्र होतं, असं आपण आज सहज म्हणतो. पण विमान कुठे उतरलं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आपल्याला ते ठाऊक आहे, कारण आपण नकाशा वरून पाहतो आहोत. मागाहून येणाऱ्याची ही सोय म्हणजे शहाणपण नव्हे. इतिहास वाचताना आपण हे फार वेळा विसरतो.

अवशेष सापडले म्हणून कोणी परत आलं नाही. पण आठ घरांत ‘बेपत्ता’ हा शब्द खोडता आला. समुद्रात बुडाले, या खोट्या शेवटाच्या जागी खरा शेवट आला. मुलं कित्येक दिवस एकमेकांना धरून चालली, हे आईबापांना कळलं. मदत आणायला गेलेल्या तिघांतला तिसरा मात्र आजही सापडलेला नाही. नववं घर अजून त्याच जुन्या शब्दापाशी थांबलेलं आहे.