भिंतीतून निघालेलं कपाट

आमच्या जुन्या घरात सामान भिंतीच्या पोटातच असे. कोनाडे, फडताळ, खुंट्या. अम्मी कोनाड्याला ‘ताक’ म्हणायची, शेजारच्या काकू हसायच्या. त्यातलं काही अंगावर कोसळणारं नव्हतं. पुढे १९२३ साली मुंबईत गोदरेजने पोलादी कपाटं बनवायला घेतली आणि हळूहळू कपाट भिंत सोडून खोलीत उभं राहिलं.

अमेरिकेत अशी कपाटं उलटून मुलं दगावली, तेव्हा २०१६ मध्ये आयकियाने तिथली सुमारे २ कोटी ९० लाख खणांची कपाटं परत मागवली. कायदा व्हायला २०२२ चा डिसेंबर उजाडला.

आमच्याकडे नातीने खालचे तीन खण ओढून त्यांची पायरी केली. भार पुढे आला, कपाट झुकलं, पलंगाला अडलं म्हणून निभावलं. संध्याकाळीच सुताराकडून वरच्या बाजूला पट्ट्या लावून ते भिंतीला कसून घेतलं. सून म्हणाली, “अब्बा, भिंतीचा रंग गेला.”

जाऊ दे.