गाडीदुरुस्तीची हत्यारं घरच्या घरी : काय बनवावं, काय बनवू नये

कोल्हापूर : गगनबावडा, राधानगरी, भुदरगड अशा तालुक्यांत रस्त्याकडेचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, पान्यांचा एक सेट आणि एक जॅक. गाड्या मात्र हरतऱ्हेच्या येतात. कुणाची जुनी मारुती ८००, कुणाची ओम्नी, कुणाची बोलेरो. प्रत्येक गाडीसाठी कंपनीचं वेगळं हत्यार असतं. वर्षातून दोनदा लागणाऱ्या हत्यारासाठी हजारो रुपये घालणं मेस्त्रीला परवडत नाही. मग तो ते बनवून घेतो.

त्यासाठी कोल्हापूरसारखी सोय कमी ठिकाणी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरी मूळची गुळाची पेठ. आज इथं नट-बोल्ट, बेअरिंग आणि हार्डवेअरची खरेदी एका फेरीत होते. लेथवर काही फिरवून घ्यायचं असेल तर उद्यमनगर जवळच आहे.

पण प्रत्येक हत्यार घरी बनवण्यासारखं नसतं. आधी एक प्रश्न विचारायचा : काम चालू असताना हे हत्यार तुटलं तर काय होईल? फक्त काम अडणार असेल तर जरूर बनवा. माणसाला इजा होणार असेल तर विकतच आणा.

बुश काढायचा पुलर

सस्पेन्शन आर्मचा बुश हातोडीने ठोकून काढला की आर्म वाकतो, भोकाची कड चेपते. त्याऐवजी एक लांब बोल्ट, नट, जाड वायसर आणि पाईपचा तुकडा एवढ्यावर पुलर तयार होतो. पाईपचं आतलं माप बुशच्या बाहेरच्या मापापेक्षा थोडं मोठं हवं, म्हणजे बुश त्यात सरकत येतो. दुसऱ्या बाजूला लेथवर फिरवलेली चकती लावायची. ती बुशच्या बाहेरच्या कवचावर टेकली पाहिजे, पण भोकातून आरपार गेली पाहिजे. नट आवळत गेलं की बुश सरळ बाहेर येतो. नवा बुश बसवतानाही हाच पुलर चालतो.

बोल्ट साधा घेऊ नये. डोक्यावर ८.८ किंवा त्याहून मोठा आकडा छापलेला घ्यावा. साध्या सळईचे आटे दोन-तीन कामांत उडतात. आट्यांना ग्रीस लावलं की जोर कमी लागतो. लेथवाल्याकडे जाताना जुना बुश आणि आर्म सोबत न्यावा. तोंडी सांगितलेलं माप हमखास चुकतं.

सील आणि बेअरिंग बसवायला

निघालेल्या बेअरिंगची बाहेरची रिंग फेकू नये. तिची बाहेरची बाजू ग्राइंडरवर किंचित घासून घेतली की नवं बेअरिंग ठोकायला तीच उपयोगी पडते. न घासता वापरली तर तीही आत अडकून बसते. सीलसाठी योग्य मापाचा पीव्हीसी पाईप किंवा कपलिंग पुरतं. टोक सरळ कापलेलं पाहिजे, नाहीतर सील तिरकं बसतं आणि ऑइल गळतं.

ठोकताना एक लक्षात ठेवायचं : बेअरिंग हाउसिंगमध्ये जात असेल तर जोर बाहेरच्या रिंगवर, शाफ्टवर चढत असेल तर आतल्या रिंगवर. उलटं केलं तर जोर गोळ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं.

ब्रेकची हवा काढायची बाटली

रिकामी पाण्याची बाटली, झाकणाला दोन भोकं आणि निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी. नळी एका भोकातून आत घालायची, दुसरं भोक हवेसाठी उघडं ठेवायचं. बाटलीत थोडं नवं ब्रेक ऑइल घालून नळीचं टोक त्यात बुडवून ठेवायचं, म्हणजे बाहेर आलेली हवा परत लाइनमध्ये जात नाही. बुडबुडे थांबले की निपल आवळायचं. वरच्या टाकीतलं ऑइल संपू द्यायचं नाही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

बाटलीत आधी इंजिन ऑइल किंवा डिझेल असता कामा नये. त्याचा अंशही ब्रेकच्या रबरांना फुगवतो. बाटलीत जमा झालेलं ब्रेक ऑइल परत वापरू नये. ते हवेतलं पाणी शोषतं आणि गाडीच्या रंगावर सांडलं तर रंगही उतरवतं.

टेस्ट लॅम्प

१२ व्होल्ट, ५ वॅटचा बल्ब, होल्डर, दोन वायरी, एक क्रोकोडाइल क्लिप आणि टोकदार सुई. क्लिप बॉडीला लावून सुईने फ्यूज, हेडलाइट, हॉर्नची लाइन तपासता येते. मात्र हा बल्ब सुमारे ०.४ अँपिअर करंट ओढतो. म्हणून नव्या गाड्यांच्या कॉम्प्युटरच्या वायरींना तो लावायचा नाही, तिथं मल्टिमीटरच हवा. एअरबॅगच्या, बहुधा पिवळ्या असलेल्या, कनेक्टरला तर हातच लावू नये.

वजनकाट्यावर टॉर्क

चाकाचे नट किती आवळायचे हा नेहमीचा घोळ. पायाने पाना दाबून आवळलेला नट पुढं निघत नाही किंवा स्टड तुटतो. टॉर्क रेंच नसेल तर बॅगा तोलायचा हुकवाला काटा कामाला येतो. नटाच्या मध्यापासून बरोबर ५० सेंटिमीटरवर पान्याच्या दांड्याला हुक अडकवायचा आणि काटकोनात ओढायचं.

हिशेब सोपा आहे. मॅन्युअलमध्ये ९० न्यूटन-मीटर लिहिलं असेल तर त्याला ९.८१ ने भागायचं, साधारण ९.२ येतं. अंतर अर्धा मीटर असल्याने दुप्पट जोर लागतो, म्हणजे काट्यावर १८.४ किलो. आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्यायचा. चाकाच्या नटांना ही पद्धत पुरते. इंजिनच्या हेडबोल्टसाठी मात्र खरा टॉर्क रेंचच लागतो.

किरकोळ पण रोजच्या उपयोगाचं

- जुन्या स्पीकरचं चुंबक पट्टीला लावलं की इंजिनखाली पडलेला नट उचलता येतो.
- जुना ब्रेक पॅड मध्ये ठेवून जी-क्लॅम्प आवळला की कॅलिपरचा पिस्टन सरळ मागं जातो.
- तुटलेल्या कमानपाट्याच्या पोलादापासून लोहार चांगली छिन्नी आणि पहार बनवून देतो.
- ५ लिटरचा कॅन आडवा कापला की ऑइल धरायचं भांडं तयार. जळकं ऑइल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

हे घरी बनवू नका

गाडी तोलणारी घोडी हे यातलं पहिलं. विटा, सिमेंटचे ब्लॉक, दगड हे कसलीही सूचना न देता एकदम फुटतात. घरी वेल्डिंग केलेल्या स्टँडचा सांधा वरून चांगला दिसतो, आत पोकळ असू शकतो. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. त्याचं सील कधीही सुटतं, म्हणून नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. लाकडाची पाचर मात्र घरी करावी आणि जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लावावी.

दुसरं, स्प्रिंग दाबायचं हत्यार. दाबलेली सस्पेन्शन स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते. तार, साखळी किंवा साध्या बोल्टवर हा प्रयोग करू नये.

तिसरं, पान्याला पाईप लावणं. पाना तुटला तर हात थेट लोखंडावर आदळतो. गंजलेल्या नटावर आधी गंज सोडवणारं ऑइल मारून थांबावं.

हत्यार बनवतानाही काळजी हवी. जस्ताचा मुलामा असलेला पाईप तसाच वेल्ड केला तर त्याच्या धुराने ताप भरतो. छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून पसरलं असेल तर ते ग्राइंड करावं, कारण उडालेली कपची डोळ्यात जाते. ठोकताना आणि घासताना चष्मा हवाच.

घरी बनवलेल्या प्रत्येक हत्यारावर रंगाचा पट्टा मारून ठेवावा आणि वापरण्याआधी चिरा पाहाव्यात. अशा चार-पाच हत्यारांत जे पैसे वाचतात, त्यातून पहिली खरेदी चांगल्या घोड्यांच्या जोडीची करावी.